दोन नोबेल मिळवणारा अबोल माणूस : जॉन बार्डीन

दरवर्षी गणपतीच्या दोन महिने आधी आपल्या स्मरणिकेचे संपादक कॉलनीत वही घेऊन फिरू लागतात आणि मी ड्युटीचे निमित्त सांगून निसटतो. यंदा रविवारी सकाळी घरीच सापडलो. थोर व्यक्तींची चरित्रे असा विषय ठरल्याचे कळले. छत्रपती, लोकमान्य, सावित्रीबाई यांच्यावर लिहिणारे आपल्या मंडळात माझ्यापेक्षा कितीतरी अधिकारी आहेत. मी पडलो डिप्लोमावाला सिग्नल इंजिनिअर. माझे आयुष्य रिले रूम, केबल आणि ट्रॅक सर्किट यांत गेले. तेव्हा ज्यांच्या कामावर माझी भाकरी चालते त्यांच्याविषयीच लिहितो. त्यांचे नाव प्रोफेसर जॉन बार्डीन.

नाव फारसे ऐकलेले नसेल. पण आपल्या लहानपणी घरात जो रेडिओ असे, त्याला आजोबा रेडिओ म्हणत नसत, ट्रान्झिस्टर म्हणत. ट्रान्झिस्टर लाव, बातम्यांची वेळ झाली, असे. हा ट्रान्झिस्टर म्हणजे मुळात त्या डब्यातला एक बारकासा भाग. तो ज्या दोघांच्या हातून पहिल्यांदा चालला, त्यांतले एक बार्डीन. आणि एवढ्यावर ते थांबले नाहीत. अतिसंवाहकता, म्हणजे सुपरकंडक्टिव्हिटी, धातूत कशी निर्माण होते हे कोडे ४६ वर्षे भल्याभल्यांना सुटले नव्हते. तेही त्यांनीच दोन तरुणांना बरोबर घेऊन सोडवले. पदार्थविज्ञानाचे नोबेल दोनदा मिळालेला आजवरचा हा एकमेव माणूस.

जन्म २३ मे १९०८, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातील मॅडिसन गावी. वडील तिथल्या विद्यापीठाच्या वैद्यकीय शाळेचे पहिले डीन. मुलगा इतका हुशार की तिसरीतून एकदम सातवीत बसवला. पण बारावे वर्ष पुरे होण्याच्या सुमारास आई कॅन्सरने गेली. मुळात कमी बोलणारा मुलगा, आणखी गप्प झाला असेल तर नवल नाही. पंधराव्या वर्षी शाळा संपली. मग मॅडिसनलाच इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग. हे मला विशेष आवडते. गडी मूळचा आपल्या जातकुळीतला, इंजिनिअर. १९३० ते १९३३ पिट्सबर्गला एका तेल कंपनीच्या प्रयोगशाळेत जमिनीखालचे तेल शोधण्याच्या पद्धतींवर काम केले. जगभर मंदी असताना ती पक्की नोकरी सोडली आणि प्रिन्स्टनला युजीन विग्नर यांच्या हाताखाली शिकायला गेले. आपल्याकडे असे कोणी केले असते तर घरच्यांनी मांत्रिक बोलावला असता.

१९३८ मध्ये जेन मॅक्सवेल यांच्याशी लग्न झाले आणि मिनेसोटा विद्यापीठात नोकरी लागली. अतिसंवाहकतेचा नाद लागला तो इथे. आधी हे कोडे काय होते ते सांगतो.

तार कितीही चांगली असली तरी ती विजेला थोडा विरोध करतेच. हा आपला रेझिस्टन्स. त्यामुळे तार तापते आणि वीज वाया जाते. १९११ साली हॉलंडमध्ये लायडन येथे कामरलिंग ओन्स यांनी पारा द्रवरूप हेलियममध्ये गार केला. उणे २६९ अंश सेल्सियसच्या आसपास त्याचा रेझिस्टन्स एकदम नाहीसा झाला. कमी झाला असे नव्हे, मोजता येईल असे काही उरलेच नाही. अशा धातूच्या कड्यात वीज एकदा सोडली की बॅटरी काढून घेतली तरी ती फिरतच राहते. पुढे शिसे, कथील, निओबियम अशा अनेक धातूंत हेच दिसले. आता गंमत पाहा. तांबे, चांदी, सोने हे विजेचे सर्वांत चांगले वाहक, पण ते कितीही गार करा, त्यांच्यात ही करामत दिसत नाही. आणि शिसे, जे आपल्या बॅटरीत असते आणि वाहक म्हणून तांब्यापुढे अगदीच सुमार, ते उणे २६६ अंशांच्या आसपास अतिसंवाहक होते. वर्गातला ढ मुलगा बोर्डात पहिला यावा तसे. का, ते कोणालाच सांगता येईना. आइन्स्टाईन, बोर, हायझेनबर्ग यांनी प्रयत्न केले, पुढे फाइनमन यांनीही केला. फेलिक्स ब्लॉख यांनी तर वैतागून गमतीचा सिद्धांतच मांडला होता की अतिसंवाहकतेची कोणतीही उपपत्ती खोटी ठरवता येते.

बार्डीन यांनी मिनेसोटात आपली एक कल्पना तयार केली. ती अपुरी होती. इतक्यात महायुद्ध आले आणि त्यांना नौदलाच्या प्रयोगशाळेत जावे लागले. कागद बाजूला पडले, पण विषय डोक्यातून गेला नाही. पुढच्या सगळ्या गोष्टीत हे लक्षात ठेवा.

युद्धानंतर १९४५ मध्ये ते बेल कंपनीच्या प्रयोगशाळेत गेले. तिथे गटाचे प्रमुख विल्यम शॉक्ली, आणि प्रयोग करणारे वॉल्टर ब्रॅटन. बार्डीन विचार करत, ब्रॅटन हाताने करून पाहत. जोडी अशी जमली की १६ डिसेंबर १९४७ रोजी जर्मेनियमच्या तुकड्यावर सोन्याची दोन टोके टेकवून त्यांनी विजेचा संदेश मोठा करून दाखवला. घरी येऊन बार्डीन यांनी स्वयंपाकघरात गाजरे सोलणाऱ्या बायकोला हळूच सांगितले की आज आम्हाला काहीतरी महत्त्वाचे सापडले. एवढेच. आमच्याकडे एखादा बिघाड निघाला तरी आम्ही घरी येऊन तासभर सांगतो.

पण इथून घोटाळा सुरू झाला. हा शोध शॉक्ली यांच्या हातून लागलेला नव्हता आणि ते त्यांना सहन होईना. त्यांनी गुपचूप महिनाभरात त्याहून सुधारित रचना कागदावर तयार केली. ती खरोखर उत्तम होती, त्यांच्या बुद्धीविषयी शंका नाही. मात्र त्यानंतरच्या कामात बार्डीन आणि ब्रॅटन यांना त्यांनी शिरूच दिले नाही. त्या काळचा प्रसिद्धीचा एक फोटो जगभर छापला गेला आहे. त्यात ब्रॅटन यांच्या टेबलाशी, त्यांच्याच उपकरणापुढे साहेब म्हणून शॉक्ली बसले आहेत आणि ज्यांनी ते काम केले ते दोघे मागे उभे आहेत. नोकरी केलेल्या प्रत्येकाला हा फोटो कळेल.

बार्डीन भांडले नाहीत. वरिष्ठांकडे आपले म्हणणे मांडले आणि काही बदलत नाही असे दिसल्यावर १९५१ मध्ये इलिनॉय विद्यापीठात अर्बाना येथे निघून गेले. मक्याच्या शेतांनी वेढलेले लहान गाव. तिथे त्यांनी जुना विषय पुन्हा उघडला.

मधल्या काळात, १९५० मध्ये, एक महत्त्वाचा धागा हाती आला होता. पाऱ्याचे जड आणि हलके अणू वेगळे करून मोजले तेव्हा दिसले की अणू जितका जड, तितके अतिसंवाहक होण्याचे तापमान खाली जाते. वीज वाहतात इलेक्ट्रॉन. मग अणू जड की हलका याने काय फरक पडावा? याचा अर्थ असा की धातूतल्या अणूंची जाळी नुसती उभी नसते, तिच्या थरथरण्याचा या प्रकाराशी संबंध आहे. बार्डीन यांना हे फोनवरून कळले आणि ते ताबडतोब कामाला लागले. तरी आणखी सात वर्षे लागली.

१९५५ मध्ये लिऑन कूपर नावाचा पंचविशीतला तरुण त्यांनी आणला. त्याचा विषय वेगळा, अतिसंवाहकतेची त्याला फारशी माहितीही नव्हती, पण हवे ते गणित त्याला येत होते. दुसरा रॉबर्ट श्रीफर, पीएचडीचा विद्यार्थी. बार्डीन यांनी त्याला दहा प्रश्नांची यादी दिली होती, त्यांतला दहावा अतिसंवाहकता. पोराने दहावाच उचलला.

१९५६ मध्ये कूपर यांनी दाखवले की इलेक्ट्रॉन, जे एरवी एकमेकांना दूर ढकलतात, ते धातूत जोडी बांधू शकतात. कसे? एक इलेक्ट्रॉन जाळीतून जातो तेव्हा आजूबाजूचे धनभारित अणू त्याच्याकडे किंचित ओढले जातात. अणू जड, त्यामुळे त्यांना जागेवर परतायला वेळ लागतो. तोवर पहिला इलेक्ट्रॉन पुढे गेलेला असतो आणि मागे धनभाराची एक दाटी उरते. ती दाटी दुसऱ्या इलेक्ट्रॉनला ओढून घेते. झाली जोडी. जोडीदार जवळजवळ नसतात, त्यांच्या मध्ये हजारो परके इलेक्ट्रॉन असतात, तरी नाते टिकते. तांब्यासोन्यात इलेक्ट्रॉन आणि जाळी यांचा एकमेकांशी संबंध कमी, म्हणून तर वीज बिनबोभाट वाहते. पण त्याच कारणाने जोड्याही जमत नाहीत. शिशात जाळी इलेक्ट्रॉनच्या वाटेत सारखी येते, म्हणून एरवी वाहक वाईट आणि गार केल्यावर अव्वल. ढ मुलाचे कोडे असे सुटले.

एका जोडीचे झाले, पण कोट्यवधी जोड्या एकत्र कशा वागतात हे मांडायचे गणित जमेना. १ नोव्हेंबर १९५६ रोजी सकाळी बार्डीन नाश्त्याला अंडी परतत असताना रेडिओवर बातमी आली की ट्रान्झिस्टरबद्दल शॉक्ली, ब्रॅटन आणि त्यांना नोबेल मिळाले. हातातले भांडे खाली पडले. डिसेंबरात स्टॉकहोमला निघण्यापूर्वी श्रीफर रडकुंडीला येऊन भेटला. काही हाती लागत नाही, प्रबंधाचा विषय बदलतो म्हणाला. बार्डीन यांनी त्याला आणखी महिनाभर चिकटून राहायला सांगितले, मी परत येतो मग बघू. स्वतः मात्र त्या समारंभाला जाताना थोडे नाराजच होते म्हणतात, कारण इकडे काम अर्धवट होते.

आणि पुढचे ऐकून प्रत्येक रेल्वेवाल्याने कॉलर ताठ करावी. १९५७ च्या सुरुवातीला श्रीफर एका बैठकीसाठी न्यूयॉर्कला गेला होता. तिथल्या भुयारी रेल्वेत बसल्या बसल्या त्याला ते सूत्र सुचले आणि डब्यातच त्याने ते कागदावर उतरवले. अर्बानाला परतल्यावर बार्डीन यांना दाखवले. त्यांनी शांतपणे पाहिले आणि यातच उत्तर आहे हे ओळखले. विसर्जनाच्या मिरवणुकीत आपले लेझीम पथक आठवा. गर्दीतल्या एकट्या माणसाला कोणीही धक्का देतो आणि तो अडखळतो. पण एका तालावर चाललेल्या पथकातल्या एकट्याला बाजूला काढता येत नाही, पथक त्याला घेऊन पुढे जाते. सगळ्या जोड्या एका तालात बांधल्या जातात. एक जोडी फोडायला ठरावीक किमान ऊर्जा लागते, आणि अतिथंडीत उष्णतेच्या धक्क्यात तेवढा जोर नसतो. म्हणून वीज अडत नाही. तापमान वाढले की ताल मोडतो.

मग तिघांनी रात्रंदिवस गणिते केली. एकेक प्रयोगाचा आकडा जुळत गेला. फेब्रुवारीत छोटे टिपण पाठवले, १ डिसेंबर १९५७ रोजी संपूर्ण निबंध छापून आला. तिघांच्या आडनावांच्या अक्षरांवरून त्याला बीसीएस सिद्धांत म्हणतात.

मार्च १९५७ मध्ये फिलाडेल्फियाच्या मोठ्या परिषदेत हे काम पहिल्यांदा जाहीर व्हायचे होते. बार्डीन गेलेच नाहीत. ताजे नोबेल मिळालेला माणूस व्यासपीठावर उभा राहिला तर सगळे श्रेय त्याच्याकडे जाणार आणि पोरे झाकली जाणार, हे त्यांना कळत होते. त्यांनी दोघांना जायला सांगितले. श्रीफर वेळेत पोचू शकला नाही, म्हणून दोन्ही भाषणे कूपर यांनी दिली.

हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवले होते. कारण सांगतो. पूर्वीच्या एका पोस्टिंगला एक ट्रॅक सर्किट आम्हाला तीन महिने छळत होते. गाडी नसताना मधेच सिग्नल लाल. आम्ही रिले बदलले, केबल तपासली, बॅटरी बदलली, काही निघेना. आमच्या गँगमध्ये एक वयस्कर हेल्पर होते, सगळे त्यांना दादा म्हणत. त्यांनी एके दिवशी मला बाजूला घेऊन सांगितले की साहेब, हे फक्त दुपारी होते, आणि तेही भरलेली कोळशाची मालगाडी गेल्यावर. जाऊन पाहिले तर रूळ उन्हाने आणि गाडीच्या ओढीने सरकून इन्सुलेशनच्या जॉइंटवर एकमेकांना टेकत होते. काम दहा मिनिटांचे. रिपोर्ट मी लिहिला, छान लिहिला, आणि त्यात दादांचा उल्लेख नव्हता. मुद्दाम गाळला असेही नाही, सुचलेच नाही. रेल सप्ताहात सर्टिफिकेट आणि रोख बक्षीस मला मिळाले. दादांनी टाळ्या वाजवल्या आणि पेढा घेतला.

शॉक्लींचा फोटो पाहून मी इतकी वर्षे चडफडत होतो, आणि तसाच एक फोटो माझ्या घरात भिंतीवर लावलेला आहे, हे लक्षात यायला बार्डीन यांचे चरित्र वाचावे लागले. गेल्या वर्षी दादांचा नंबर मिळवून फोन केला. ते निवृत्त होऊन गावी शेती बघतात. मी अडखळत विषय काढला. त्यांना तो जॉइंट कितव्या किलोमीटरला होता हेसुद्धा आठवत होते. या लेखात त्यांचे नाव द्यायचे होते. त्यांनी नको म्हटले, आता कशाला म्हणाले. म्हणून दिले नाही.

बार्डीन यांना पुढे एक चिंता लागून राहिली. एकाच विषयात एकाच माणसाला दोनदा नोबेल तोवर कोणाला मिळाले नव्हते. आपल्या पहिल्या बक्षिसामुळे कूपर आणि श्रीफर यांचे बक्षीस अडेल की काय, ही ती चिंता. पंधरा वर्षे गेली. अखेर १९७२ मध्ये तिघांना मिळून नोबेल जाहीर झाले. त्या दिवशी पत्रकारांना भेटायला निघताना बार्डीन यांच्या गॅरेजचे विजेवर चालणारे दार उघडेना. त्यात बिघडला होता ट्रान्झिस्टरचा भाग. आमच्या खात्यात याला फेल-सेफ म्हणता येणार नाही! १९५६ च्या समारंभाला ते तीन मुलांपैकी एकालाच घेऊन गेले होते, म्हणून स्वीडनच्या राजाने त्यांना गमतीने दटावले होते. पुढच्या वेळी तिघांनाही आणीन असे त्यांनी राजाला सांगितले होते म्हणतात. १९७२ मध्ये तिघेही हजर होते. या बक्षिसाच्या पैशातला मोठा वाटा त्यांनी फ्रिट्झ लंडन यांच्या स्मरणार्थ व्याख्यानांसाठी दिला. लंडन यांनी या विषयाचा पाया आधी घातला होता आणि ते १९५४ मध्येच वारले होते.

चुकलेही. १९६२ मध्ये केंब्रिजचा बावीस वर्षांचा विद्यार्थी ब्रायन जोसेफसन याने गणिताने दाखवले की या जोड्या दोन अतिसंवाहकांमधल्या पातळ पडद्यातून आरपार जाऊ शकतात. बार्डीन यांनी ते जाहीरपणे नाकारले, लंडनच्या परिषदेत समोरासमोर वाद झाला. पुढच्याच वर्षी प्रयोगाने पोराचे खरे ठरवले. बार्डीन यांनी आपला आक्षेप मागे घेतला. १९७३ मध्ये जोसेफसन यांनाही नोबेल मिळाले.

स्वभाव मात्र शेवटपर्यंत तसाच. इतके हळू बोलत की त्यांना कुजबुजणारा जॉन असे टोपणनाव पडले होते. प्रश्न विचारला की ते बराच वेळ गप्प राहत, नवे विद्यार्थी गडबडून जात. गोल्फचे वेड होते. बरोबर खेळणाऱ्या एका मित्राने कित्येक वर्षांनी विचारले म्हणे की तुम्ही काम काय करता.

आता धातुसंयुगांविषयी थोडे, कारण उपयोग तिथे आहे. शुद्ध धातूंपेक्षा निओबियम आणि कथील यांच्या संयुगात अतिसंवाहकता बरीच वर, १८ केल्विनला येते. ते १९५४ मध्ये बर्न्ड मॅथियास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधले, सिद्धांताच्या आधीच. मॅथियास तर सिद्धांतवाल्यांपासून चार हात दूर राहा असे उघड म्हणत. पण असे संयुग चांगले का, हे बीसीएसने सांगितले: कामाला उपलब्ध इलेक्ट्रॉन किती, जाळी किती वेगाने थरथरते आणि दोघांचा संबंध किती घट्ट. हलका अणू म्हणजे वेगवान थरथर. २००१ मध्ये मॅग्नेशियम आणि बोरॉन यांचे साधे संयुग ३९ केल्विनला अतिसंवाहक निघाले. ही पावडर पन्नास वर्षे रसायनांच्या फळीवर पडून होती! २०१५ मध्ये गंधक आणि हायड्रोजन यांच्या संयुगात, प्रचंड दाबाखाली, उणे ७० अंशांपर्यंत मजल गेली. हॉस्पिटलमधल्या बहुतेक एमआरआय यंत्रांत निओबियम-टायटॅनियमची तार असते. जपानची चुंबकावर तरंगणारी गाडीही तसल्याच तारेवर चालते. २१ एप्रिल २०१५ रोजी यामानाशीच्या चाचणी मार्गावर ती ताशी ६०३ किलोमीटरने धावली.

१९८६ मध्ये तांब्याच्या ऑक्साइडांत नव्या प्रकारची अतिसंवाहकता सापडली. जाळीच्या थरथरण्याने तिचा उलगडा होत नाही आणि सर्वांना मान्य होईल असे उत्तर अजून मिळालेले नाही. बार्डीन तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते, निवृत्त होऊन अकरा वर्षे झाली होती. तरी त्यांनी पुन्हा कागद घेतला. ३० जानेवारी १९९१ रोजी बॉस्टन येथे हृदयविकाराने ते गेले. श्रीफर २०१९ मध्ये आणि कूपर २०२४ मध्ये गेले. बार्डीन यांना मॅडिसनलाच पुरले आहे, जिथे जन्मले त्या गावात.

मंडपात आरतीच्या वेळी ॲम्प्लिफायर मी सांभाळतो हे आपल्याला माहीत आहेच. कोणा मुलाला तो उघडून आत काय असते ते पाहायचे असेल तर पाचव्या दिवशी दुपारी यावे, मी तिथेच असेन. गणपती बाप्पा मोरया!